परदेशातील चूल आणि पाकक्रियेची क्रियापदे

देशांतर केलेल्या मराठी कुटुंबांच्या स्वयंपाकाविषयी जे लिहिले जाते, त्याचे साधारणतः दोन प्रकार आढळतात. एकात स्मरणरंजन असते. टोरांटोला किंवा दुबईला ताटात घरचा पदार्थ आला की संस्कृती टिकली, असा निर्वाळा त्यात दिला जातो. दुसऱ्यात तक्रार असते. पदार्थ आला खरा, पण तो ‘अस्सल’ नव्हे, असे सांगितले जाते. दोन्ही पक्ष परस्परांच्या विरुद्ध दिसले तरी त्यांची कसोटी एकच आहे. ताटातील वस्तूला जुने नाव लावता येते की नाही, एवढेच दोघेही पाहतात. ही कसोटी कितपत विश्वसनीय आहे, याचा विचार भाषेच्या अंगाने क्वचितच झाला आहे. वसईचे खाद्यजीवन त्यासाठी विशेष सोयीचे आहे, कारण परदेशी चुलीचा प्रश्न या भूमीवर एकदा उलट दिशेने घडून गेला आहे.

१५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोन शतकांत वसईच्या कोटात राहणारा पोर्तुगीज गृहस्थ हाच परदेशात घरचे अन्न शिजविणारा माणूस होता. मद्य आणि लसूण यांत मुरविलेल्या मांसाचा ‘विन्य द आल्युश’ हा त्याच्या घरचा प्रकार. येथे द्राक्षाचे मद्य सहज मिळेना, तेव्हा ताडी-माडीचा शिरका त्याच्या जागी आला, पुढे मिरची आली, आणि ख्रिस्ती घरांत तो पदार्थ ‘इंदियाल’ म्हणून रूढ झाला. गोव्यामार्गे तोच ‘विंदालू’ झाला. मूळ नावातील पहिला शब्द मद्याचा, आणि पदार्थात मद्यच उरले नाही. नावाला त्याचे काही वाटले नाही. पुढे इंग्लंडातील उपाहारगृहांत ‘विंदालू’च्या शेवटच्या दोन अक्षरांत कोणाला ‘आलू’ दिसला आणि भांड्यात बटाटे पडू लागले. लोकव्युत्पत्तीने शब्दाचा अर्थ बदलतो हे परिचित आहे. तिने रस्साही बदलावा, हे मात्र थोडे विरळा. (मराठी माणसाच्या हातून ही चूक सहसा होणार नाही. त्याच्या जिभेवर बटाटा आहे, आणि तो शब्दही पोर्तुगीजांचाच.)

सारांश, नाम हे फार चिवट असते. आतील द्रव्य पालटले तरी ते वस्तूला चिकटून राहते. म्हणूनच टिकाऊपणाचा पुरावा म्हणून ते दुर्बळ ठरते.

‘फुगे’ किंवा ‘फुगिया’ यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजाच्या सणसमारंभात तळलेले हे मैद्याचे गोळे आवश्यक समजले जातात. जुन्या रीतीत पीठ आंबविण्यासाठी ताडी वापरली जाई. ताज्या ताडीत नैसर्गिक किण्व असते, तसेच आंबटपणा निर्माण करणारे जंतूही असतात. त्यामुळे पीठ फुगते आणि त्यास हलकी आंबट चवही येते. परदेशात ताडी नाही. तेथे पुडीतील कोरडे यीस्ट येते, आणि पीठ उत्तम, किंबहुना अधिक भरवशाने फुगते. फुगणे हे क्रियापद नावात आहे, आंबणे नाही. त्यामुळे नावाच्या दृष्टीने काहीच बिघडत नाही. जे गेले ते नावाने कधी नोंदविलेच नव्हते.

येथून खऱ्या प्रश्नाकडे वळता येते. पदार्थाची नामे टिकतात, परंतु पाकक्रियेची क्रियापदे टिकतात काय? याचे उत्तर पाहण्यास बाटली मसाल्याइतके चांगले क्षेत्र दुसरे नाही.

वसई-मुंबई पट्ट्यातील ईस्ट इंडियन आणि त्यांच्या शेजारच्या ख्रिस्ती घरांत हा मसाला उन्हाळ्यात, पावसापूर्वी केला जातो. मिरच्या, धणे, हळद, जिरे, तीळ, खसखस, गहू असे अनेक जिन्नस, प्रत्येक घराच्या प्रमाणाने, आधी वाळवायचे, मग वेगवेगळे भाजायचे, मग उखळात कुटायचे, चाळायचे, वर राहिलेले पुन्हा कुटायचे आणि शेवटी गडद काचेच्या बाटलीत दाबून दाबून भरायचे, हा क्रम आहे. बाटली गडद हवी, म्हणजे उजेड लागत नाही. दाबणे हवे, म्हणजे हवा राहत नाही. या एका वस्तूच्या मागे सहा-सात क्रियापदे उभी आहेत आणि त्यांतील एकही दुसऱ्याचा पर्याय नाही.

मराठीने बारीक करण्याच्या कृतीची किती सूक्ष्म विभागणी केली आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. वाटणे पाट्यावर, वरवंट्याने, बहुधा पाण्याचा हात लावून. कुटणे उखळात, मुसळाच्या उभ्या घावाने, कोरडे. दळणे जात्यात, फिरत्या दगडाखाली. भरडणे जाडसर. ठेचणे ओबडधोबड. खलणे खलात, घासून. प्रत्येक शब्दात साधन, हालचाल, ओलावा आणि कणाचा आकार या चारही गोष्टी गृहीत आहेत. या भेदामागे वस्तुस्थितीही आहे. मुसळाचा घाव दाणा चिरडतो. यंत्राचे पाते तो कापते, तापविते, आणि त्या उष्णतेने सुगंधी तेलांचा काही अंश उडून जातो. कुटलेला मसाला आणि यंत्रातून काढलेला मसाला यांच्या वासात फरक पडतो, ही केवळ आजीची समजूत नव्हे.

परदेशातील स्वयंपाकघरात या सहा क्रियांचे काम एकच यंत्र करते, आणि भाषेतही त्यांच्या जागी एकच प्रयोग येतो. ‘मिक्सरमधून काढणे’, किंवा सरळ ‘ग्राइंड करणे’. ‘परतणे’ आणि ‘तळणे’ यांच्या जागी ‘फ्राय करणे’ येते, ‘कुसकरणे’ आणि ‘घोटणे’ यांच्या जागी ‘मॅश करणे’. भाषाशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय गोष्ट अशी की उसना शब्द येथे क्रियापदाच्या रूपाने येत नाही. तो नामासारखा येतो आणि क्रियेचा सगळा भार ‘करणे’ या सर्वसाधारण क्रियापदावर पडतो. ‘करणे’ काहीही सांगत नाही, म्हणून ते सर्वत्र चालते. मराठीतील कितीतरी खाद्यनामे क्रियापदांपासून सिद्ध झालेली आहेत, जसे वाटण, भरडा, ठेचा. क्रियापद गेले की नाम राहते, पण ते बंद होते. परदेशात वाढलेल्या मुलास ‘ठेचा’ आवडतो, परंतु त्यात ठेचणे दिसत नाही. त्याच्या दृष्टीने ते बाटलीवरचे एक विशेषनाम होय.

लिखित पाककृतीने ही हानी भरून काढली असती, अशी अपेक्षा चुकीची नाही. मेट्रिक पद्धतीपूर्वीच्या पाकपुस्तकांत शेर, तोळा अशी वजने असत. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याचे प्रमाण घराघरांत रुजविले, आणि परदेशी निघालेल्या कितीतरी मुलींच्या सामानात ते पुस्तक गेले. वाटीचा गुण असा की ते माप नसून प्रमाण आहे. एक वाटी रव्यास दोन वाट्या पाणी, हे विधान कोणत्याही वाटीने खरे ठरते. परंतु ‘वाटी’चे भाषांतर ‘कप’ असे झाले की ते सुमारे २३७ घनसेंटिमीटरचे ठाम माप होते. मग त्याच कृतीतील ‘चमचा’ कोणता, हा प्रश्न उपस्थित होतो. वाटीशी वाटी जुळते. वाटीशी चमचा जुळेलच असे नाही. परदेशात बिघडलेल्या पुष्कळ पदार्थांचे खापर तेथील पाण्यावर फोडले जाते. त्यांतील काहींचे कारण पाण्यात नसून भाषांतरात आहे.

याउलट, पाककृतीतील जो भाग शास्त्रशुद्ध नाही म्हणून हिणविला जातो, तोच प्रवासात अधिक उपयोगी ठरतो. ‘तेल सुटेपर्यंत’, ‘खमंग वास येईपर्यंत’, ‘कांदा तांबूस होईपर्यंत’ या ‘-पर्यंत’ने संपणाऱ्या रचना काळ घड्याळाने न मोजता डोळ्याने, नाकाने मोजतात. विजेची शेगडी असो की कोळशाची, परदेशातील पाणचट मोठा कांदा असो की आपल्याकडील लहान लाल, वाक्य खोटे पडत नाही. वेळ तेवढा वाढतो. ‘पाच मिनिटे परतावे’ हे वाक्य मात्र पहिल्याच दिवशी खोटे पडते. अलीकडच्या पाककृतिलेखनाने मिनिटे वाढवीत नेली आणि ‘-पर्यंत’ कमी करीत आणले, हा बदल प्रगतीचा मानला जातो. तो तसा आहे की काय, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

सगळेच बदल भाषेने घडविलेले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. काही ठिकाणी राज्यसंस्था निर्णय घेते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बाळगणे हा गुन्हा आहे. तेव्हा तिकडे जाणाऱ्या बाटलीतून ती वगळावीच लागते, आणि बाटलीचे नाव तेच राहते. अर्नाळा, पाचूबंदर येथील किनाऱ्यावर उघड्या वाऱ्यात वाळणारा बोंबील १९९७ मध्ये युरोपीय आयोगाच्या नियमात बसेना, कारण मासळी मान्यताप्राप्त कारखान्यातूनच यावी असा तो नियम होता. ब्रिटनमधील खवय्यांनी तक्रार केली. पुढे बांधणी मान्यताप्राप्त केंद्रात झाल्यास वाळवणे उघड्यावर चालेल, अशी सवलत मिळाली. नियमाला अखेर ‘वाळविणे’ हे क्रियापद मान्य करावे लागले, हे या प्रकरणातील विशेष.

कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल समाजाच्या ‘मलिद्या’चीही येथे आठवण होते. फारसीतील ‘मालीदन’ म्हणजे चोळणे, कुसकरणे. नावात ती क्रिया आहे. एलियाहू हन्नाबीच्या नावाने केल्या जाणाऱ्या या विधीत भिजविलेले पोहे, खोबरे, साखर आणि फळे एकत्र येतात. कुसकरण्याचे काम कोकणातच संपले होते. समाज १९४८ नंतर मोठ्या प्रमाणावर देशांतर करून गेला, तोवर क्रियापद कधीचे विझलेले होते. हानीचा आरंभ विमानतळावर होतो, हा समज या उदाहरणाने ढळतो.

तोच न्याय वसईलाही लागू पडतो. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहण्याचा क्रम त्यापूर्वीच सुरू होता. चौथ्या मजल्यावर उखळ ठेवता येत नाही. आगाशीचे भुजिंग निखाऱ्यावर भाजले जाते, पण सदनिकेत निखारा पेटविता येत नाही. या बाबतीत विरारचे नवे घर आणि टोरांटोचे घर यांत फार अंतर राहिलेले नाही. उलट असेही घडू शकते की तीस वर्षांपूर्वी आखातात गेलेल्या स्त्रीच्या बोलण्यात कुटणे, भरडणे हे भेद शाबूत असावेत आणि तिच्या माहेरी ते नसावेत. देशांतरित बोलीत जुनी रूपे गोठून राहतात, हे भाषाशास्त्रास नवे नाही.

म्हणून सामवेदी, वाडवळी आणि किनाऱ्यावरील इतर बोलींचे शब्दसंग्रह करताना पदार्थांच्या नावांच्या याद्या वाढविण्यात फारसा अर्थ नाही. नावे आपोआप जगतात, आणि प्रश्नावलीत तीच प्रथम येतात. ‘या मसाल्यात काय काय असते?’ असे विचारले म्हणजे जिनसांची यादी मिळते. ‘मिरची घरात आल्यापासून बाटलीत जाईपर्यंत तिचे काय काय करता?’ असे विचारले म्हणजे क्रियापदे मिळतात. हा दुसरा प्रश्न वसईतील वृद्ध स्त्रियांना विचारावा, आणि त्याच घरांतील परदेशी स्थायिक झालेल्या मुलींना व बहिणींनाही विचारावा. तो विचारताना पाटा, उखळ, निदान त्यांची चित्रे समोर असावीत, कारण यांतील पुष्कळ शब्द हाताच्या हालचालीवाचून आठवत नाहीत.