‘स्मार्ट सिटी’ मार्गदर्शिका व नागरिकाचे स्थान : मंचरच्या निमित्ताने

शासकीय मार्गदर्शिका वाचली जाते ती अंमलबजावणीसाठी. परंतु तिची परिभाषाही तपासण्याजोगी असते. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने जून २०१५ मध्ये ‘स्मार्ट सिटी’ अभियानाची जी मार्गदर्शिका काढली, तिच्या आरंभीच अशा शहराची सर्वमान्य व्याख्या नाही अशी कबुली आहे. ही कबुली प्रांजळ खरी. मात्र व्याख्येची उणीव पुढे रचनेने भरून काढली आहे. कंपनी कायद्याखाली स्थापावयाच्या आणि राज्य शासन व नगरसंस्था यांचे समान भाग असलेल्या कंपनीकडे, प्रकल्पापुरते का होईना, नगरपालिकेचे अधिकार व दायित्वे सोपवावीत, असे ती सुचविते. पुण्यात २०१६ मध्ये अशी कंपनी स्थापन होऊन औंध, बाणेर व बालेवाडी हा भाग निवडला गेला. या मार्गदर्शिकेत नागरिक येतो तो मत देणारा म्हणून. मत विचारले जाते. हक्क मात्र विचारण्याची वाट पाहत नाही, हा भेद तिला जाणवलेला दिसत नाही.

अभियान मार्च २०२५ मध्ये संपले. त्यातील शंभर शहरांत मंचर नव्हते. तरीही हा प्रश्न तेथे अधिक उघडा दिसतो. पुणे–नाशिक रस्त्यावरील हे बाजारपेठेचे गाव आता नगरपंचायत झाले आहे. ग्रामपंचायत गेली की ग्रामसभाही जाते. ज्या सभेत भाजी विकणारी बाई उठून सरपंचाला हिशेब विचारू शकत असे, तिची जागा घेईल अशी सभा संविधानाने लहान नगरास दिलेली नाही. अनुच्छेद २४३-ध मधील प्रभाग समित्या तीन लाख वा अधिक लोकवस्तीच्या नगरांनाच अनिवार्य आहेत. नागरी योजना गावात येऊ लागतात, नेमकी तेव्हाच जाब विचारण्याची जागा नाहीशी होते. ग्रामसभा पुष्कळदा गणपूर्तीअभावी तहकूब होत, हा आक्षेप रास्त आहे. पण तहकूब सभा पुन्हा बोलावता येते.

न्यायालयीन आधारही वाटतो तितका भक्कम नाही. १९८५ च्या ओल्गा टेलिस निर्णयाने उपजीविका हा जीविताच्या हक्काचा भाग मानला, तथापि पदपथावरील झोपड्या हटविण्याचा पालिकेचा अधिकारही कायम ठेवला. त्या मानाने २०१४ चा पथविक्रेता कायदा अधिक नेमका आहे : सर्वेक्षण पुरे होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्यास हटविता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. हा कायदा मंचरच्या रस्त्यावरही लागू आहे. तेथे त्याला कोणतीही कंपनी लागत नाही. लागते ती फक्त विक्रेत्यांची यादी.