‘मी डोलकर’ आणि आपला दर्या

‘मी डोलकर’ हे गाणे ऐकले नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण. वरातीत ते वाजते, शाळेच्या स्नेहसंमेलनात लाल टोप्या घातलेली मुले त्यावर नाचतात. शब्द शांता शेळके यांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे, स्वर लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचे. इतक्या पिढ्यांनी आपलेसे केलेल्या या गाण्याकडे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून, मिरकरवाडा-राजिवड्याच्या बाजूने पाहिले तर काय दिसते, हे आम्हांला येथे तपासायचे आहे.

या गाण्याच्या कर्त्यांपैकी कोणीही कोळीवाड्यातले नव्हते. शांताबाई 1922 साली इंदापूरला, म्हणजे देशावर जन्मल्या. हेमंतकुमार बंगाली. तरीही कोळीवाड्यांनी हे गाणे परके मानले नाही. शांताबाईंनी ‘ळ’च्या जागी ‘ल’ येणारी कोळ्यांची बोली थट्टेसाठी वापरली नाही, तिच्यातला डौल ओळखला. पुरुष आपल्या दर्याचा तोरा सांगतो, स्त्री आपल्या साजशृंगाराचा. दोघांनाही स्वतःचा अभिमान आहे. उपरेपणाची कीव या गाण्यात कुठेही नाही, आणि हेच त्याचे बळ आहे असे आम्ही मानतो.

मात्र गाणे लोकप्रिय होताना शब्द आपल्या धंद्यापासून सुटत गेले. ‘डोलकर’ म्हणजे लाटांवर डोलणारा, असे शहरातला श्रोता समजतो. प्रत्यक्षात डोल हे जाळे आहे. नरसाळ्यासारखी ही लांब पिशवी समुद्रात बांधून ठेवतात. भरती-ओहोटीचा प्रवाह मासळी तिच्यात लोटतो आणि पाणी थबकले की जाळे उपसतात. मुंबई-वसईकडच्या बोंबलाच्या मासेमारीचे हे साधन. याच गाण्यात पुढे रापणही येते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अनेक हातांनी ओढायचे जाळे, आपल्या दक्षिण कोकणाच्या ओळखीचे. कवयित्रीने दोन किनारे एका गाण्यात बांधले. मासेमारीच्या हिशेबाने हे सैल आहे, पण त्यामुळेच गाणे एका वाडीचे न राहता साऱ्या किनाऱ्याचे झाले.

आता शब्दांकडे येऊ. या गाण्यातले ‘दर्या’ आणि ‘बंदर’ हे दोन्ही शब्द फारसीतून आलेले. याच कवयित्रीच्या दुसऱ्या कोळीगीतात ‘सारंग’ येतो. जहाजावरच्या खलाशांच्या मुकादमाला सारंग म्हणतात, आणि हा शब्द फारसी ‘सरहंग’चा वंशज आहे. नाखवा हा ‘नाखुदा’, म्हणजे नावेचा धनी. सुकाणू अरबी ‘सुक्कान’पासून आले. किनाऱ्यावरच्या हिंदू कोळ्याने आणि मुसलमान खलाशाने हे शब्द एकाच होडीत बसून वापरले. कोणी कोणाला उसने दिले याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही.

रत्नागिरीच्या मुसलमानाला ‘सारंग’ हा शब्द घरचा आहे. पी. अँड ओ.सारख्या ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर डेकवरचे खलाशी या जिल्ह्यातून जात. सारंग आपल्याच गावची, आपल्याच नात्यातली माणसे बरोबर नेई. त्याच्या शब्दावर गावातल्या कित्येक चुली पेटत. मिरकरवाडा, राजिवडा, साखरी नाटे येथे मुसलमान मच्छीमारांची वस्ती आजही आहे.

आणि तरीही ‘दर्याचा राजा’ म्हटले की महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर यांपैकी एकही माणूस येत नाही. दोष शांताबाईंचा नाही. त्यांनी एका समाजाचे गाणे लिहिले. ते संपूर्ण समुद्राचे चित्र मानले गेले ते नंतर, रंगमंचावर आणि पडद्यावर. आपली भाषा त्या चित्रात राहिली, माणूस बाहेर राहिला. खरे तर त्या चित्रात आजचा कोळीही पुरता मावत नाही. गाण्यातली नटलेली लाडकी लेक मासळीची पाटी घेऊन बाजारात बसत नाही. दर्याचा दरारा गाण्यात आहे, सावकाराचा नाही. 2016 साली पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले, तेव्हा मोठ्या बोटीवाले आणि पारंपरिक मच्छीमार समोरासमोर उभे राहिले. त्या भांडणात दोन्हीकडे आपली माणसे होती. बोटींवर आता नेपाळहून आलेले खलाशीही राबतात. या दर्याचा राजा कोण, हा प्रश्न गाणे विचारत नाही. तो साहित्यानेच विचारायचा आहे.

हमीद दलवाईंच्या ‘इंधन’ने 1965 साली कोकणातला मुसलमान गाव मराठी कादंबरीत आणला, पण तो जमिनीवरचा गाव. आगबोटीवर गेलेल्या नवऱ्याची वर्षानुवर्षे वाट पाहणारी बाई, सारंगाच्या मर्जीवर चालणारे मोहल्ले, लग्नघरी बायकांच्या कोकणी बोलीत उमटणारी गाणी, हा ऐवज मुस्लिम मराठी लेखकाच्या दाराशी आहे. ‘मी डोलकर’च्या तक्रारी करण्यापेक्षा त्याच्याकडून एक गोष्ट शिकावी. बोलीची लाज न बाळगता लिहिले, तर ती बोली न बोलणाराही ते गाणे आपले म्हणून गातो. इंदापूरच्या बाईला जे जमले, ते राजिवड्याच्या मुलामुलींना न जमण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.