केळीची साल आणि पिण्याचे पाणी

मोरचुदाचे निळे पाणी, त्यात वाळवून दळलेली केळीची साल, गाळल्यावर फिके झालेले पाणी आणि वर पाटी: ‘फळांच्या कचऱ्यातून शुद्ध पेयजल’. विज्ञान प्रदर्शनांत हमखास आढळणाऱ्या या प्रयोगाला आमचा विरोध नाही. हरकत आहे ती पाटीला.

या कल्पनेला मोठी प्रसिद्धी मिळाली ती २०११ साली ब्राझीलमधील संशोधकांच्या निबंधामुळे. सालीतील कार्बॉक्सिलसारखे गट तांबे व शिसे यांचे धनभारित आयन पकडून ठेवतात. पण निबंधाचा मुख्य हेतू वेगळाच होता. नदीच्या पाण्यातील अत्यल्प धातू सालीवर गोळा करून त्यांचे मोजमाप सोपे करायचे, हा तो हेतू. बातम्यांत मोजमाप गळले आणि शुद्धीकरण तेवढे उरले!

आता निळ्या रंगाचे पाहू. भारतीय मानकानुसार (२०१२) पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम तांबे चालते. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. निळी छटा डोळ्यांना दिसेनाशी झाली तरी याच्या कित्येक पट तांबे शिल्लक असू शकते. शिवाय सालीचा तपकिरी अर्क पाण्यात उतरतो, उरलासुरला निळा रंग झाकतो आणि जंतूंना खाद्य पुरवतो. वापरलेली भुकटी परसात फेकली की तांबे पुन्हा मातीत.

ओरोससारख्या ठिकाणी पावसाळ्यात विहिरीच्या पाण्याची मुख्य भीती जंतूंची. साल जंतू मारीत नाही. त्यासाठी उकळणे किंवा टीसीएल पावडरच हवी. नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा घरगुती गाळणयंत्रांत खरोखर वापरतात, पण तो उच्च तापमानाला वाफ देऊन सच्छिद्र केलेला असतो. चुलीतला कोळसा तसा नव्हे. तोही वास, क्लोरीन, सेंद्रिय द्रव्ये शोषतो, जंतूंचा बंदोबस्त करीत नाही. (काजूची टरफले वर्गात आणू नयेत, त्यांचे तेल कातडी भाजते. आणि कोकमाच्या सालीला कचरा म्हणाल, तर मालवणी घरात कोणी उभे करणार नाही.)

प्रयोग करायचाच तर तीन भांडी घ्यावीत: मोरचुदाचे पाणी नुसते, तेच भुकटीसह, आणि साधे पाणी भुकटीसह. तिन्ही सारख्याच कागदातून गाळून प्रत्येकात शिक्षकांनी स्वतः अमोनियाचे काही थेंब टाकावेत. फिक्या दिसणाऱ्या पाण्यातही गडद निळा रंग उमटला, तर पाटीवर काय लिहायचे ते विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे.