रहस्यकथा, वेस्टर्न आणि स्मरणीय वाक्याचा प्रश्न

रहस्यकथा आणि वेस्टर्न या वाङ्मयप्रकारांचे चोखंदळ वाचक आवडलेली वाक्ये टिपून ठेवतात, एकमेकांना ऐकवतात. या हौसेत एक युक्तिवादही दडलेला असतो. रंजनपर म्हणून बाजूला सारलेल्या लेखनात अशी वाक्ये आढळत असतील, तर ते लेखन वाङ्मयीन मूल्यमापनास पात्र ठरते, असे या वाचकांना सुचवायचे असते. हेतू रास्त आहे. पण त्यासाठी पुढे केलेला पुरावा तपासून घ्यायला हवा. संहितेतून सुटे केलेले वाक्य बरोबर काय आणते आणि मागे काय ठेवते, हा खरा प्रश्न आहे.

पहिली गोष्ट अशी, की स्मरणात राहिलेले वाक्य अनेकदा लिहिलेले वाक्य नसते. वॉटसनला उद्देशून होम्सच्या तोंडी सर्रास घातले जाणारे वाक्य कॉनन डॉइलच्या चार कादंबऱ्यांत आणि 56 कथांत त्या रूपात कोठेही नाही. ओवेन विस्टरच्या ‘द व्हर्जिनियन’ (1902) या कादंबरीतील नायकाचे प्रत्युत्तरही लोकांच्या तोंडी शब्दक्रम बदलून रुळले. मुळात हसण्याची अट वाक्याच्या शेवटी येते. रूढ पाठात ती आरंभीच उरकली जाते आणि धमकीला उशिरा येणारी धार बोथट होते.

परंतु शब्दक्रमापेक्षा मोठी हानी संदर्भाची आहे. पत्त्यांच्या डावात ट्रॅम्पस जी शिवी देतो, तीच शिवी त्याच प्रकरणात थोडे आधी स्टीव्ह या मित्राने नायकाला प्रेमाने दिलेली असते आणि नायकाने ती आनंदाने स्वीकारलेली असते. शब्द तोच, भाव वेगळा, म्हणून अर्थही वेगळा, हे निवेदकाला आणि वाचकाला त्या प्रत्युत्तरात उमगते. सुट्या वाक्यात केवळ मर्दुमकी उरते. शब्दार्थाविषयीचे भान हरवते.

कुंतकाने ‘वक्रोक्तिजीवित’मध्ये वक्रतेचे वर्णापासून प्रबंधापर्यंत सहा प्रकार मानले आहेत. त्या परिभाषेत बोलायचे तर वाक्यसंग्राहकाला वाक्यवक्रता दिसते. प्रकरणवक्रता आणि प्रबंधवक्रता त्याच्या नजरेतून निसटतात. त्यामुळे अशा संग्रहांत रेमंड चँडलरला झुकते माप मिळते. ‘फेअरवेल, माय लव्हली’ (1940) मधील धिप्पाड मूस मॅलॉयला दिलेली, केकच्या तुकड्यावरील विषारी कोळ्याची उपमा कोठेही नेली तरी चमकते. कादंबरीत मात्र अशा उपमांचे कार्य केवळ चमकण्याचे नाही. भ्रष्ट शहरात एकट्याने वावरणाऱ्या मार्लोचे ते चिलखत आहे. संग्रहात विनोद उरतो, एकाकीपण उरत नाही.

डॅशिएल हॅमेटच्या वाट्याला मात्र उपेक्षा येते. ‘द माल्टीज फाल्कन’ (1930) मध्ये रात्री अंधारात टेलिफोन वाजतो आणि भागीदार मारला गेल्याचे स्पेडला कळते. निवेदक त्याच्या मनात शिरत नाही. स्पेड सिगारेट वळतो. कागद, तंबाखू, जाड बोटे यांची हालचाल अत्यंत बारकाईने नोंदवली जाते, एवढेच. यांतील एकही वाक्य वहीत उतरवून घेण्याजोगे नाही. तरीही दुःख, हिशेब की बेफिकिरी, यांतील काय चालले आहे हा पेच त्या सपाट वाक्यांच्या क्रमातूनच उभा राहतो आणि शेवटपर्यंत कादंबरीला व्यापून राहतो. पूर्वी कोणी लिहिलेच नसावेत असे प्रसंग हॅमेटने लिहिले, असा गौरव खुद्द चँडलरने 1944 च्या आपल्या निबंधात केला होता. त्याने प्रसंगांचा उल्लेख करावा, हे सूचक आहे.

मग वाक्य लक्षात ठेवणे व्यर्थ म्हणायचे काय? तसे नाही. चार्ल्स पोर्टिसच्या ‘ट्रू ग्रिट’ (1968) या वेस्टर्नचे पहिलेच वाक्य याचा दाखला आहे. वडिलांच्या खुनाचा सूड घेण्यासाठी चौदा वर्षांची मुलगी भर हिवाळ्यात घराबाहेर पडली, यावर लोकांचा विश्वास बसत नाही, असे उतारवयातील मॅटी सांगते. आणि अशा गोष्टी काही रोज घडत नसत, अशी कबुलीही हिशेबी गांभीर्याने देते. तिचा करारीपणा, नकळत होणारा विनोद आणि सरलेला काळ हे सारे तिच्या ताठर, औपचारिक भाषेत सामावले आहे. येथे वाक्य कृतीतून फुटून निघत नाही. कृतीकडे बोट दाखवते.

हा भेद मराठी समीक्षेलाही उपयोगी पडावा. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचा विचार करताना उद्धृत करण्याजोगी वाक्ये वेचणे पुरेसे नाही, आणि ती मिळाली नाहीत म्हणून निकाल देणेही न्याय्य नाही. उत्कंठा कोणत्या क्रमाने बांधली, काय सांगितले आणि काय दडवले, हे पाहावे लागेल. आवडलेले वाक्य अवश्य ऐकवावे. मात्र त्याच्या आधीचे पान ऐकवण्याची तयारीही ठेवावी.