'पोर', 'मेले' आणि 'बरे' : तुकोबांच्या घरातील शोकाची भाषा

तुकोबांच्या चरित्राचा विचार करणारे अभ्यासक दुष्काळापाशी येऊन थांबतात खरे. परंतु तेथून ते फार लवकर पुढे निघतात. इ. स. १६३० च्या सुमारास दख्खन व गुजरात ह्या प्रदेशांवर जो भीषण दुष्काळ कोसळला, त्याने देहूच्या ह्या वाण्याचे दुकान बुडविले, त्याची पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली आणि तिच्या पोटचा मुलगाही गेला. चरित्रपरंपरा ह्या मुलाचे नाव संतू असे देते. त्या वेळी तुकोबांचे वय, १६०८ हे जन्मवर्ष प्रमाण धरल्यास, बावीसच्या आसपास होते. एवढे सांगून झाले की चरित्रकार भंडाऱ्याच्या डोंगराकडे वळतो, आणि मुलाचा मृत्यू वैराग्याच्या वाटेवरील एक पायरी होऊन बसतो. प्रस्तुत लेखात ही पायरी काही काळ पायरी न मानता पाहावयाचे आहे. घरातले मूल गेल्यानंतरही ज्या घरात चूल पेटवावी लागली, त्या घराची भाषा गाथ्यात कोठे व कशी उमटली, एवढाच येथील प्रश्न आहे.

आधी एका अनुपस्थितीची नोंद केली पाहिजे. आपली जात, व्यवसाय, आईबापांचे जाणे, दुष्काळ, पत्नीचा अंत, लोकलज्जा, मोडकळीस आलेले देऊळ सावरण्याची इच्छा असा क्रम तुकोबांनी ज्या सुप्रसिद्ध आत्मचरित्रपर अभंगात सांगितला आहे, त्यात मुलाचा उल्लेख नाही. पत्नीच्या मृत्यूचे कारण तेथे आहे. तिच्या तोंडचा शेवटचा शब्दही आहे. मुलाच्या वाट्याला एक चरणही आलेला नाही. संतांच्या आग्रहावरून सांगितलेला हा वृत्तान्त आहे हे ध्यानात घेतले, तर विचारणाऱ्यांस सांगण्याजोग्या गोष्टींत मूल बसले नाही, असे म्हणणे भाग पडते.

मूल येते ते दुसऱ्या एका लहान अभंगात. गेलेल्या आप्तांची ती एक यादीच आहे. प्रथम बाप, मग ध्रुवपद, त्यानंतर बायको, पोर व शेवटी माता. ध्रुवपदात आता विठोबा आणि मी एवढेच राज्य उरले, तिसऱ्याचे येथे काम नाही, अशा आशयाचे उद्गार आहेत. अभंग परिचित आहे, म्हणून तो येथे उतरून घेत नाही. भाविक वाचकाला त्यात मोहपाशातून सुटल्याचा आनंद दिसतो. अलीकडच्या वाचकाला क्वचित निष्ठुरपणा दिसतो. दोघांचेही वाचन 'बरे झाले' ह्या शब्दांवर उभे आहे. दोघेही ते शब्द एकाच अर्थाने घेतात आणि मग एक वंदन करतो, दुसरा तक्रार करतो, हे मला विलक्षण वाटते.

ह्या चार मृत्यूंची वाक्यरचना एकसारखी भासते, पण ती एकसारखी नाही. बापाच्या मृत्यूबरोबर एक काळ सांगितला आहे: मला कळत नव्हते, अशा वयात तो गेला. मातेच्या मृत्यूबरोबर एक दृष्टी आहे: ती माझ्या डोळ्यांदेखत गेली. बायकोच्या मृत्यूबरोबर तिच्या स्वतःच्या वाट्याला आलेले काही तरी आहे, म्हणजे ती मुक्त झाली. आजही मावळात किंवा खेड तालुक्यात दीर्घ दुखण्याने गेलेल्या माणसाविषयी 'सुटली बिचारी' असे म्हणतात, त्याच घरगुती सांत्वनाचे हे रूप आहे. अन्न अन्न करीत गेलेल्या स्त्रीविषयी हे वाक्य उच्चारता येते; त्यात क्रूरपणा नाही, उलट करुणा आहे. आता पोराचा चरण पाहावा. तेथे काळ नाही. डोळे नाहीत. मुक्तीही नाही. नुसते 'बरे' आहे, आणि हे बरे कोणाचे झाले, ते त्या वाक्यात सांगितलेले नाही. पुढच्या अर्ध्या चरणात देवाने मायाविरहित केले असे येते, ते अर्थातच बापाविषयी. पोराचे स्वतःचे असे त्या मृत्यूत काहीच बरे झालेले नाही, आणि अभंग तसा दावाही करीत नाही. पत्नीच्या बाबतीत जे बोलता आले ते मुलाच्या बाबतीत बोलता आले नाही. येथे कवी मौन पाळतो असे म्हणणे सोपे आहे. मी एवढेच म्हणेन की येथे सांत्वनाची रूढ वाक्ये संपतात आणि जे उरते ते विशेषण कर्त्यावाचून उघडे पडते.

घरात मृत्यू घडला की शेजारपाजारचे येऊन बोलतात, त्या बोलण्याचे साचे ठरलेले असतात. देवाची इच्छा, सुटला, माया तुटली, तुमचे एवढेच ऋण होते. हे साचे मराठी समाजात किती जुने आहेत ते निश्चित सांगता येत नसले, तरी त्यांची ठेवण ह्या अभंगाच्या ठेवणीशी जुळते हे कोणालाही दिसेल. माझे अनुमान असे की तुकोबांनी ऐकलेली सांत्वनवाक्ये उचलून ती प्रथमपुरुषात फिरविली आहेत. दुसऱ्याने म्हणावयाचे ते स्वतःच म्हटले, की त्याचा स्वर बदलतो. 'बरे झाले' हे शब्द सांत्वनकर्त्याच्या तोंडी शोभतात. बापाच्या तोंडी ते आपल्याला टोचतात. हे टोचणे दुरुस्त करण्यासाठी वैराग्याचे भाष्य लावण्याची घाई आपण करू नये.

शब्दांच्या निवडीकडेही पाहिले पाहिजे. मरणासाठी जुन्या मराठीत 'निमणे', 'निवर्तणे' असे सौम्य धातू होते. तरीही ह्या अभंगात चारही वेळा 'मरणे' हाच धातू आहे. तो बोलीतला, उघडा, दुकानात व चुलीपाशी चालणारा धातू आहे. तसेच 'पोर'. पुत्र नाही, बाळ नाही, संतू तर नाहीच. हा शब्द येथे नपुंसकलिंगी आहे आणि जुन्या लेखनात त्याच्या क्रियापदावर नपुंसकलिंगाचा अनुस्वार येतो. (१९६२ च्या नियमांनी हे अनुस्वार गेले, त्यामुळे विद्यार्थ्यांना आज छापील ओळीत हा भेद डोळ्यांनी दिसत नाही, तो कानाने भरून काढावा लागतो.) घरातल्या लहानग्याला ज्या लिंगात हाक मारतात त्याच लिंगात हे मरण सांगितले आहे. आप्तांच्या यादीत बाप, बायको आणि माता ही नाती आहेत; 'पोर' हे नाते कमी आणि घरात वावरणारी वस्तू जास्त आहे, म्हणजे पायात पायात येणारी, भाकरी मागणारी. ह्या एका शब्दामुळे यादीत घर शिरते.

ह्याच दोन शब्दांची, 'पोर' आणि 'मेला' ह्यांची, गाथ्यात आणखी एका ठिकाणी जी गाठ पडते ती मला अधिक महत्त्वाची वाटते. तुकोबांच्या पत्नीने, अर्थात दुसऱ्या पत्नीने, जिजाईने, नवऱ्याला केलेल्या 'कठीण उत्तरां'चे म्हणून काही अभंग छापील गाथ्यांत एकत्र दिलेले असतात. ही शीर्षके संकलकांची आहेत, हे विसरता कामा नये. शंकर पांडुरंग पंडित ह्यांच्या देखरेखीखाली १८६९ व १८७३ साली निघालेल्या सरकारी साहाय्याच्या प्रतीपासून आपण गाथा ज्या क्रमाने वाचतो, तो क्रम रचनेचा काळ सांगत नाही. तेव्हा कोणता अभंग आधीचा व कोणता नंतरचा हे ठरविण्याचा प्रयत्न मी करीत नाही. परंतु त्या गटातील एका अभंगात धान्याची गोणी घरी येते, नवरा ती लोकांना वाटून मोकळा होतो, आणि बायको ओरडते की हा पोरांना दाणे खाऊ देत नाही. त्या रागात ती त्याला 'मेला' म्हणते.

स्त्रियांच्या बोलीत 'मेला', 'मेल्या', 'मेली' ह्या शब्दांतून मृत्यू केव्हाच निघून गेला आहे. व्रात्य मुलालाही आई 'मेल्या' म्हणून हाक मारते आणि त्यात लाड असतो. अर्थक्षयाचे हे नमुनेदार उदाहरण म्हणून आम्ही ते वर्गात देत आलो आहोत. परंतु जिजाईचे घर हे असे घर आहे की जेथे एक पोर दाण्यांवाचून खरोखर मेले आहे. ते तिचे नव्हते, सवतीचे होते. तथापि पहिल्या पत्नीला दमा होता म्हणून तिच्या हयातीतच जिजाई त्या घरात आली, असे चरित्रे सांगतात, म्हणजे दुष्काळ तिने त्याच चुलीपाशी काढला. हे ध्यानात ठेवून गोणीचा अभंग वाचला, तर तेथे कर्कशा स्त्री दिसत नाही. तेथे हिशेब ठेवणारी स्त्री दिसते. धान्य घरात येणे आणि ते पोरांच्या मुखात जाणे ह्यांत किती अंतर पडू शकते ते तिने पाहिले आहे. नवऱ्याने त्या मृत्यूला 'बरे' म्हटले; तिने त्याला कोणतेही विशेषण दिले नाही, ती गोणी धरून बसली. शोकाची ही दोन रूपे एकाच घरातील आहेत, आणि आपल्या समीक्षेने पहिल्यास काव्य व दुसऱ्यास भांडण मानले.

जिजाईची बाजू ह्यापूर्वी कोणी मांडली नाही असे नव्हे. प्रभात कंपनीच्या १९३६ च्या 'संत तुकाराम' ह्या चित्रपटात गौरी ह्यांनी उभी केलेली जिजाई ही तर एका अर्थी श्रेष्ठ टीकाच आहे. पण तेथेही, आणि नंतरच्या लेखनातही, तिचा कैवार तिच्या कष्टांवरून घेतला जातो: ती डोंगरावर भाकरी नेते, काटे तुडविते. तिच्या बोलण्याचे कारण दारिद्र्य एवढेच दिले जाते. दारिद्र्य अनेक घरांत असते. ह्या घरात त्याची किंमत एकदा मोजून झाली होती.

ह्यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. हे अभंग जिजाईचे नाहीत. तुकोबांनीच तिच्या तोंडी घातलेले आहेत, शेवटी 'तुका म्हणे' आहेच, आणि त्या मुद्रेबरोबर तिलाच चार कठोर शब्द ऐकावे लागतात. मला ह्या आक्षेपाने माझे वाचन बळावते असे वाटते. ज्या माणसाने स्वतःच्या शोकाला एक अर्धा चरण दिला, त्याने पोरांना खाऊ न घालण्याचा आरोप मात्र सविस्तर, आरोप करणाऱ्याच्या बोलीत, तिच्या शिव्यांसह लिहून ठेवला. असा आरोप विसरलेल्या माणसाला सुचत नाही. तुकोबा वैकुंठास गेल्यावर त्यांचा धाकटा भाऊ कान्होबा ह्याने देवाशी भांडून केलेला विलाप गाथ्यात आहे, तो मोकळा, मोठ्या आवाजाचा आहे. भाऊ गेल्यावर असे रडता येते. पोर गेल्यावर ह्या घरात कोणी तसे रडलेले गाथ्यात सापडत नाही. दाण्यांवरून भांडण मात्र सापडते.

देहू आज पिंपरी-चिंचवडच्या वेशीवर आहे. भामचंद्राचा डोंगर, जेथे तुकोबा एकान्तासाठी जात, तो चाकणच्या औद्योगिक क्षेत्रालगत उभा आहे. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलीन ह्या परिसरात तयार होऊ लागले. २०२० च्या नमुना नोंदणीप्रमाणे महाराष्ट्रातील अर्भकमृत्यूचे प्रमाण दर हजार जिवंत जन्मांमागे १६ वर आले आहे. मूल गमावणे हा पूर्वी जवळजवळ प्रत्येक घराचा अनुभव होता. आधीची मुले दगावली म्हणून पुढच्याचे नाव दगडू, धोंडू, कचरू, भिकू ठेवण्याची चाल त्यातूनच आली, आणि म्हाताऱ्या बायका मुलांची संख्या सांगताना 'सात झाली, चार राहिली' असे दोन आकडे देत. आता तो अनुभव विरळ झाला, हे चांगलेच झाले. परंतु जो अनुभव विरळ होतो त्याची भाषाही विरळ होते. ज्याच्यावर तो आज येतो, त्याच्याभोवती तो अनुभव घेतलेले शेजारी नसतात. १९४८ च्या कारखाना अधिनियमात भरपगारी रजा कामाच्या दिवसांच्या प्रमाणात मोजली होती. शोकासाठी वेगळी रजा त्यात नव्हती. पाळी धरावी लागते.

मूल गेलेल्या बापाला वा आईला मराठीत नाम नाही, हे पुष्कळांनी म्हटले आहे. विधवा, विधुर, अनाथ आहेत. ह्या स्थितीसाठी 'मृतवत्सा' हा एक संस्कृत शब्द कोशात आढळतो, तो बोलीत नाही. मात्र शासकीय मराठीने एक विशेषण वापरले आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन) नियम, २००५ अन्वये नोकरीच्या अर्जाबरोबर जे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, त्यात 'हयात' मुलांची संख्या लिहावयाची असते. अर्जदार एक आकडा लिहितो. म्हातारीच्या उत्तरातला पहिला आकडा कोठे लिहावा, ह्यासाठी त्या कागदावर रकाना नाही.