जळगावचा रथोत्सव : उजेड पाहण्याचा की वाहण्याचा?

आपण पुस्तकाची समीक्षा करतो, नाटकाची करतो. उत्सवाची मात्र करत नाही, कारण लोकांना वाटतं ही श्रद्धेत ढवळाढवळ. पण उत्सवालाही रचना असते. ती जमते, कधी बिघडतेही. आज जळगावच्या श्रीराम रथोत्सवाकडे मी दिव्यांचा उत्सव म्हणून बघणार आहे.

संदर्भ थोडक्यात सांगतो. १८७२ साली अप्पा महाराजांनी जुन्या जळगावातल्या राममंदिरातून ही परंपरा सुरू केली. कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून वहनं निघतात. आज घोडा, उद्या हत्ती, असं रोज वेगळं. मग प्रबोधिनी एकादशीला लाकडी रथ. दिवाळी सरते, थंडी अंगाला लागायला लागते, आणि नेमकं तेव्हा गावाला घराबाहेर पडायचं निमित्त मिळतं.

आता रचना बघा. हल्ली जुन्या वास्तूवर रोषणाई म्हणजे काय? भिंतीवर रंगीत फोकस, समोर खुर्च्या. वास्तू जागच्या जागी, आपणही जागच्या जागी. कोल्हापुरात त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर हजारो पणत्या लागतात, तिथं माणसं दिव्यांपाशी जातात. जळगावात दिवा माणसाच्या दारी येतो. तऱ्हा वेगळ्या, पण दोन्हीकडे उजेडाला हात लागलेले असतात. फोकसला फक्त बटण लागतं.

दुसरी गोष्ट, गती. रथाला ब्रेक नाही. चाकाखाली लाकडी मोगरी घालून तो थांबवायचा, वळवायचा. जोखमीचं काम आहे. त्यामुळे रथ माणसाच्या चालीनंच चालतो. आणि हा संथ रथ भिलपुऱ्यात लालशाह बाबांच्या समाधीपाशी थांबतो, तिथं चादर चढवली जाते. सगळ्या उत्सवाचा अर्थ मला त्या थांब्यात दिसतो. दीडशे वर्षं टिकलेली ही गोष्ट भाषणांनी टिकलेली नाही, दरवर्षी तिथं थांबण्यानं टिकली आहे.

मग तक्रार कशाची? झगमगाटाची. रथावर इतका प्रखर उजेड पडला, की ज्या बाईनं संध्याकाळपासून दारात रांगोळी काढून पणती ठेवली, ती पणती दिसेनाशी होते. यजमानीण प्रेक्षक होते. वर डीजे लागला, की थांबा हा नुसता खोळंबा वाटायला लागतो.

कुणी म्हणेल, सर, अंधारात रथ ओढायचा का? नाही. मोगरीवाल्याला चाक दिसलंच पाहिजे, रस्त्यावर दिवे हवेतच. माझं म्हणणं सजावटीपुरतं आहे. निदान एखाद्या वहनाच्या रात्री, एखाद्या गल्लीत, झगमग बंद ठेवून बघा. पणत्या किती आहेत ते तेव्हा कळेल. आणि कमी भरल्या, तर तेही कळलेलं बरं. उत्सव किती उरलाय, ते मोजायचं दुसरं माप माझ्याकडे नाही.