पाऊस हुकला तर विचारायचं कोणाला?

फॉर्ममधला सातवा प्रश्न असा होता : ‘सौर भू-अभियांत्रिकीबद्दल साशंक असलेल्या ग्रामीण समाजाला हा विषय 300 शब्दांत समजावून सांगा.’ नोकरी ‘एक्स्टर्नल अफेअर्स’ची, घरून करायची, पगार आमच्या घरात आजवर कुणी न पाहिलेला. संस्था असल्या संशोधनाला पैसा पुरवते. तिचं नाव इथे नको.

विषय थोडक्यात असा. 1991मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला. त्यातून दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर गेला, उन्हासमोर बारीक कणांचा पडदा धरला गेला आणि पुढच्या वर्षी पृथ्वी सुमारे अर्ध्या अंशाने थंडावली. तेच काम विमानांनी मुद्दाम करायचं का, यावर शास्त्रज्ञांत जोरदार भांडण आहे. आमच्या दादांना सांगितलं तर म्हणाले, “म्हंजी उन्हाला झाकण?” माझ्या 300 शब्दांपेक्षा हे बरं होतं.

तयारी म्हणून मी किम स्टॅनली रॉबिन्सन यांची ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर’ (2020) मोबाइलवर वाचली. या विषयावर बोलणारा जवळजवळ प्रत्येक जण तिचं नाव घेतो, आणि तिच्यात झाकण घालणारा देश भारत आहे. सुरुवात उत्तर प्रदेशातल्या एका गावातली. उष्णतेची लाट, लाईट गेलेली, जनरेटर बंदूकवाले उचलून नेतात. माणसं शेवटचा उपाय म्हणून तळ्यात उतरतात, पण तळ्याचं पाणीही तापलेलं. सकाळी जिवंत उरतो तो एकच, मदतकार्याला आलेला अमेरिकन. हे मी मे महिन्यात दुपारी, लाईट नसताना वाचलं. ती चूक झाली. अंगावर येतं हो. उन्हाने मरणं म्हणजे नेमकं काय होणं, हे इतकं नीट लिहिलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

देशभर मेलेल्यांचा आकडा दोन कोटी. मग भारत पॅरिस करार बाजूला ठेवतो आणि विमानं गंधक घेऊन वर जातात. माझं भांडण इथून सुरू होतं. पहिल्या प्रकरणात लेखक एका गावाजवळ इतका थांबतो, की घाम आपल्याला फुटतो. निर्णय घ्यायची वेळ येते तेव्हा मात्र गाव गायब. बोलतात ते अधिकारी, प्रतिनिधी, उडवणारे. ‘आम्ही केलं’ म्हणणारे हे ‘आम्ही’ कोण? विमानं उडण्याआधी कुणा शेतकऱ्याला काही विचारलं जातंय, असा प्रसंग मला कादंबरीत सापडला नाही. गावाच्या वाट्याला मरण आलं, मत आलं नाही.

तुम्ही म्हणाल, एका शब्दाला काय धरून बसलास? माझं गाव अंतरवाली सराटी. 1 सप्टेंबर 2023च्या लाठीमारानंतर ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्या दिवसांत मंत्री येत, कागद आणत, समजावत. 7 सप्टेंबरचा जीआर आला तेव्हा सगळं एका शब्दावर अडलं : वंशावळ. तो शब्द बदला, म्हणून मनोज जरांगे उपोषणावर ठाम राहिले. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, आमच्या गल्लीतली पोरं त्या आठवड्यात जीआर असा वाचायला शिकली, जसा विद्यापीठात मला कुणी मजकूर वाचायला शिकवला नाही. ‘समजावून सांगणे’ आणि ‘विचारणे’ ही दोन क्रियापदं वेगळी आहेत, हेही तेव्हाच कळलं. सातव्या प्रश्नात पहिलं आहे, दुसरं नाही.

रॉबिन्सनच्या बाजूने एक बोलायलाच हवं. दोन कोटी प्रेतं समोर असताना ग्रामसभा घ्यायची का? मलाही उत्तर येत नाही. मी पंतप्रधान असतो तर बहुतेक मीही विमानं पाठवली असती. पण म्हणूनच विचारायची वेळ त्याच्या आधीची असते, आणि ती आता आहे.

खऱ्या जगात हेच घडतंय. हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना 2021च्या उन्हाळ्यात स्वीडनमधल्या किरुना इथून एक फुगा सोडून पाहायचा होता. त्या उड्डाणात कण सोडायचेही नव्हते. पण तिथल्या सामी लोकांच्या परिषदेने पत्र लिहिलं की आम्हाला कुणी विचारलं नाही. फुगा उडालाच नाही, 2024मध्ये प्रकल्पच गुंडाळला.

आपल्याकडची गोष्ट गोव्याची. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था, दोघांचा 2009चा ‘लोहाफेक्स’ प्रयोग. अंटार्क्टिकाकडच्या दक्षिण महासागरात 300 चौरस किलोमीटरवर लोह टाकायचं, शेवाळ वाढवायचं, ते हवेतला कार्बन घेऊन तळाशी जातं का बघायचं. जहाज निघालं आणि बोंब उठली की हा आंतरराष्ट्रीय निर्णयाचा भंग आहे. जर्मन सरकारने काम थांबवलं, तपासण्या करवल्या, मग परवानगी दिली. शेवाळ वाढलंही, पण बारीक समुद्री किडे ते खाऊन बसले आणि कार्बन तळाशी फारसा गेला नाही. संबंधित संस्थांनी हा निकाल मार्चमध्येच जाहीर केला : अपेक्षा होती तसं झालं नाही. एवढी मोहीम, एवढा वाद, आणि शेवटी किडे जिंकले. पण ते त्यांनी सांगितलं. एक्स्टर्नल अफेअर्सचं याहून चांगलं काम मला माहीत नाही. रॉबिन्सनच्या जाड कादंबरीत असा फसलेला, उघडपणे कबूल केलेला प्रयोग एखादा तरी मोठ्या जागेवर हवा होता.

दादांना पुस्तकाची गोष्ट सांगितली. ते मोसंबीच्या ओळीत आळी करत होते. आधीची बाग 2012-13च्या दुष्काळात वाळली, ही त्यानंतरची. त्यांना आठवली ती 2015 आणि 2019ची विमानं, औरंगाबादहून ढगांत मीठ फवारायला उडालेली. कृत्रिम पाऊस तुलनेने साधी गोष्ट, एकेका ढगापुरती. तरी आपल्या शिवारावर पडला तो पाऊस विमानाचा की देवाचा, हे सांगायला आमच्याकडे कुणी आलं नाही.

“आन् ह्या झाकणानं पाऊस हुकला तं?” त्यांनी विचारलं.

प्रश्न अडाणी नाही. गंधक फक्त उत्तर गोलार्धात सोडलं तर पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो, असं संगणकी प्रारूपं दाखवतात. 2013च्या एका गाजलेल्या अभ्यासात आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यावर त्यातून दुष्काळ दिसला. आमचा मोसमी पाऊसही त्याच हिशेबातला. झाकण घातल्याच्या वर्षी दुष्काळ पडला, तर तो झाकणामुळे की एरवीचाच, हे एका वर्षात सिद्ध करणं कुणालाही जड जाईल. मग पंचनामा कोण करणार? भरपाई कुठल्या तलाठ्याकडे मागायची?

शेवटच्या रात्री मी सातवं उत्तर पुसून पुन्हा लिहिलं. समजावण्याचे 300 शब्द काढले. दादांचा प्रश्न त्यांच्याच बोलीत घातला, खाली इंग्रजी अर्थ दिला, आणि लिहिलं की उत्तर तुमच्याकडे असेल तर ते घेऊन गावोगाव जायला मी तयार आहे, नसेल तर प्रश्न घेऊन तुमच्याकडे यायला तयार आहे. 300पैकी 94 शब्द झाले. रेंज नव्हती, म्हणून गच्चीवर जाऊन सबमिट केलं.